श्रीरामपूर ते मोंबासा : सामानाच्या वजनाचा एक अभ्यास

श्रीरामपूरविषयी प्रवाशाने सर्वप्रथम ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही की, या शहरी रेल्वेने पोहोचता येते, परंतु उतरावे लागते ते बेलापूरला. कारण शहरातील स्थानकाचे नाव बेलापूर असे आहे, आणि ज्या गावावरून हे नाव पडले ते गाव तेथून काही अंतरावर प्रवरेच्या काठी, आपल्या नावावर भलतेच शहर मोठे झाले याची फारशी खंत न बाळगता, नांदत आहे. दौंड–मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला तेव्हा या स्थानकाभोवती पाहण्यासारखे काही नव्हते. पुढे प्रवरेचे कालवे निघाले, १९२६ मध्ये भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, उसाबरोबर साखर आणि साखरेबरोबर पेठ आली. पेठ अद्याप आहे. हरेगावची मतमाउली, जिच्या सप्टेंबरातील यात्रेला सर्व धर्मांचे लोक लोटतात, शहराजवळच आहे. स्थलदर्शन येथे संपले.

प्रस्तुत लेखक या शहरी आला तो परदेशी मिशनसेवेची पूर्वतयारी कशी होते याचा अभ्यास करण्याच्या हेतूने. मिशन म्हणजे ख्रिस्ती मंडळीने धर्मप्रसारासाठी तसेच शुश्रूषा व शिक्षण यांसाठी माणसे नेमून दूर पाठविण्याची व्यवस्था. आणि अशा रीतीने नेमली गेलेली माणसे या प्रसंगी लेखकाचा भाचा व त्याची नवपरिणीत पत्नी ही होती. ती परिचारिका, तो सुतारकामाचा शिक्षक. दोघांना केनियातील मोंबासाजवळच्या एका मिशन रुग्णालयात व शाळेत जावयाचे होते. पाठवणीची उपासना, म्हणजे जाणाऱ्यांच्या मस्तकांवर हात ठेवून त्यांच्यासाठी प्रार्थना करण्याचा विधी, आदल्या रविवारी झाली होती, आणि पाळकसाहेबांनी प्रेषित पौलाच्या प्रवासांवर दीर्घ प्रवचन केले होते. पौलाचा झगा आणि पुस्तके त्रोवस येथे मागे राहिली आणि ती त्याला पत्र लिहून मागवावी लागली, ही नव्या करारातील गोष्ट मात्र प्रवचनात आली नाही. ती आली असती तर पुढील बराच अनर्थ टळता.

अनर्थाचे मूळ विमान कंपनीच्या एका अटीत होते, जिच्या अन्वये प्रत्येक प्रवाशाला प्रत्येकी २३ किलोच्या दोन बॅगा नेता येतात. भाच्याच्या आत्याबाई, ज्यांच्या हाती या मोहिमेचा मुदपाकखाना होता, त्यांना ही अट मान्य नव्हती. त्यांनी येसूर, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, बाजरीच्या खारोड्या, सांडगे, कुरडया आणि कैरीचे लोणचे एवढे पदार्थ ‘अगदी लागणारे’ या सदरात घातले होते. पवित्र शास्त्र आणि ‘उपासना संगीत’ हे गीतांचे पुस्तक त्याच सदरात होते. कपडे ‘बसले तर’ या सदरात होते. आणि लेखकाने जोडप्याला भेट दिलेला स्वतःचा साडेसहाशे पृष्ठांचा ग्रंथ कोणत्याच सदरात नव्हता.

घरातील काटा माणसांना तोलण्याचा असल्याने त्यावर बॅग ठेवली की आकडा बॅगेखाली झाकला जाई. तेव्हा वजाबाकीची पद्धत अवलंबिण्यात आली, म्हणजे आधी एका माणसाने एकट्याने काट्यावर उभे राहावे, मग बॅग उचलून उभे राहावे, आणि दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा करावा. आणि या कामी, घरात हात रिकामे असलेली व्यक्ती एकच असल्यामुळे, लेखकाची नेमणूक झाली. त्याचे एकट्याचे वजन एका चिमुरड्याने अंगणापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केले आणि ते भिंतीवरील दिनदर्शिकेत त्या दिवसाच्या चौकटीत लिहून ठेवण्यात आले. तो आकडा येथे देणे विषयाला सोडून होईल.

काट्यावर उभ्या उभ्याच लेखकाने उपस्थितांना माहिती पुरविली की, मिशनच्या इतिहासात श्रीरामपूर म्हटले म्हणजे हे श्रीरामपूर नव्हे, तर बंगालमध्ये हुगळीच्या काठचे श्रीरामपूर समजले जाते. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते, म्हणून विल्यम केरीने १८०० मध्ये तेथील डेन्मार्कच्या वसाहतीचा आसरा घेतला, आणि महाराष्ट्रात पाऊल न टाकता, वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने, १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण व १८१० मध्ये मराठीचा कोश प्रसिद्ध केला. पुढे १८१२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतून काही नवविवाहित जोडपी बंगालकडे निघाली. त्यांपैकी जडसन पतिपत्नी लग्नानंतर दोन आठवड्यांनी जहाजावर चढली, आणि पुढील चार महिन्यांच्या सागरप्रवासात जडसनने बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने होणारा ख्रिस्ती दीक्षाविधी, या विषयाचा इतका सखोल अभ्यास केला की, अर्भकांना बाप्तिस्मा देणाऱ्या पंथाच्या पैशाने निघालेला हा गृहस्थ बंगालमध्ये पोहोचल्यावर, सज्ञान माणसालाच पाण्यात बुडवून तो द्यावा असे मानणाऱ्या पंथात गेला. त्याच तुकडीतील गॉर्डन हॉल आणि नॉट दांपत्य यांना कंपनीने निघून जाण्याचा हुकूम दिल्यावर ती मंडळी १८१३ मध्ये मुंबईस येऊन पोहोचली, आणि त्यातून अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले, ज्याचे ठाणे १८३१ मध्ये अहमदनगर येथे पडले. जिल्ह्यातील मिशनच्या इतिहासाचा उगम असा हुसकावणीत आहे, हे लेखकाचे अनुमान ऐकून आत्याबाई म्हणाल्या, “ते राहू द्या, मामा, आधी दुसरी बॅग उचला.”

दुपारच्या जेवणानंतर एक विचित्र गोष्ट नजरेस आली. सकाळी बरोबर भरलेली बॅग, कोणी तिला हात लावला नसताना, जवळजवळ एक किलोने वाढली होती. प्रथम काट्यावर, मग चिमुरड्यावर आणि शेवटी दमट हवेवर संशय घेण्यात आला. आत्याबाईंनी जड अंतःकरणाने चटणीचा एक पुडा बाहेर काढला. आणि तेव्हा, वॉर्डात रुग्णांची वजने घेण्याचा सराव असलेल्या सूनबाईच्या लक्षात खरी गोष्ट आली. “मामा,” ती शक्य तितक्या आदराने म्हणाली, “आपण तुमचं सकाळचं, उपाशीपोटीचं वजन वजा करतोय. तुम्ही आत्ता जेवलात.” भाकरी, रस्सा आणि दोन वेळा मागून घेतलेला भात अशा रीतीने केनियाच्या खात्यावर पडला होता. चटणी परत आत गेली आणि तिला जागा करण्यासाठी ग्रंथ बाहेर आला.

संध्याकाळी बॅगा दाबीत बसली असताना सूनबाईने विचारले, “त्या केरीसाहेबांच्या बायकोनं सामान कसं आवरलं असेल हो?” डॉरोथी केरी आधी येण्यास तयारच नव्हती. पोटातले मूल जन्मले, जहाज लांबणीवर पडले, नवऱ्याने पुन्हा येऊन गळ घातली, तेव्हा बहीण बरोबर येईल तर येते असे म्हणून तिने घाईघाईने घर मोडले आणि काही आठवड्यांचे बाळ घेऊन १७९३ च्या जूनमध्ये ती जहाजावर चढली. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये तिचा पाच वर्षांचा मुलगा गेला. त्यानंतर तिचे मन ठिकाणावर राहिले नाही. तिला खोलीत बंद ठेवावे लागे आणि शेजारच्या खोलीत केरीचे भाषांतर चाललेले असे. १८०७ मध्ये ती वारली. मराठी व्याकरणाचे साल सांगताना हे साल लेखकाने कधी सांगितले नव्हते, आणि आता विचारले गेल्यावर त्याला ते सांगणे नको झाले. भाचा बॅगेवरून उठून पत्नीशेजारी जाऊन बसला. कोणी काही बोलले नाही. मग आत्याबाईंनी सूनबाईला विचारले, “तुला खरंच जायचंय ना गं?” ती म्हणाली, “मीच तर अर्ज केला होता, आत्या. ह्यांनी मागून सही केली.”

रात्री सर्व बॅगांच्या चेन लागल्या आणि त्याच वेळी मोंबासाहून निरोप आला की प्लास्टिकच्या पिशव्या आणू नयेत. केनियाने २८ ऑगस्ट २०१७ पासून अशा पिशव्यांवर बंदी घातलेली आहे, आणि त्या बनविणाऱ्याला वा विकणाऱ्याला चाळीस लाख केनियन शिलिंगांपर्यंत दंड किंवा चार वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पाहुण्यांनी त्या विमानतळावरच टाकून द्याव्यात अशी अपेक्षा असते. आत्याबाईंनी प्रत्येक पदार्थ तीन-तीन पिशव्यांत घालून, गाठ मारून, वर रबर लावून बांधला होता. महाराष्ट्रातही २०१८ पासून अशा पिशव्यांना बंदी आहे, हे लेखकाने नमूद केले, तेव्हा ही गोष्ट घरात सर्वांनी प्रथमच ऐकल्याचे दिसून आले. सगळे सामान पुन्हा उपसण्यात आले. येसुराच्या वासाने गल्लीतील कुत्री जागी झाली. जुनी लुगडी फाडून शिवणयंत्रावर पिशव्या शिवल्या गेल्या. परंतु लोणचे कापडात राहत नाही आणि मसाल्याचे तेल कापडातून उतरते, म्हणून त्यांना स्टीलचे डबे आले, आणि डबे आल्याबरोबर वजन, दिवसभराच्या कष्टांवर पाणी ओतून, चार किलोंनी चढले. ग्रंथ मध्यंतरी कोणीतरी दयेने आत ठेवला होता. तो निघाला.

या गडबडीत एक शेजारी डोकावून म्हणाले की, मिशनरी तर गोरे असतात, आपल्यातले कधीपासून जायला लागले? हा प्रश्न लेखकाच्या वर्मी लागला. नाशिकच्या शरणपुरात चर्च मिशनरी सोसायटीने गुलामांच्या जहाजांवरून सोडविलेल्या आफ्रिकी मुलांना लिहिणे-वाचणे आणि सुतारकाम-लोहारकाम शिकविले, आणि १८६४ मध्ये तेथे वाढलेले विल्यम जोन्स, इश्माएल सेम्लर आणि त्यांच्या पत्नी मोंबासाकडे, म्हणजे नेमक्या याच किनाऱ्याला, मिशनसेवेसाठी रवाना झाले. तिकडे त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. याच शरणपुरात शिकलेला जेकब वेनराइट मिशनरी-संशोधक लिव्हिंग्स्टनच्या शवाबरोबर लंडनपर्यंत गेला आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतील अंत्यविधीत त्याने खांदा दिला. जोन्स १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टनच्या मोहिमेत होता; बिशपचा वध झाल्यावर उरलेला तांडा त्यानेच किनाऱ्याला परत आणला. तरीही पुस्तकांत ही माणसे भेटतात ती बहुधा कोणा गोऱ्या साहेबाचे सोबती म्हणून, आणि त्यांच्या बायका तर तेवढ्याही भेटत नाहीत. नाशिकच्या शरणपूर रस्त्यावर रोज वाहतुकीत अडकणाऱ्यांपैकी कोणाला त्यांची आठवण होत असेल असे वाटत नाही. हे सर्व लेखकाने चढ्या आवाजात सांगितले. शेजारी म्हणाले, “तसं मग ठीक आहे,” आणि गेले.

पहाटे बॅगा बाजारपेठेतील ओळखीच्या आडतीवर, जेथे भुसार मालाची पोती तोलली जातात, नेण्यात आल्या. मापाडी, म्हणजे माल तोलण्याचा परवाना असलेला इसम, त्याने रीतीप्रमाणे पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हटले, चारही बॅगा तोलल्या आणि सवयीने कडता कापला. कडता म्हणजे पोत्याचे वजन धरून मालातून केलेली वजावट. कडता जाता प्रत्येक बॅग बरोबर २३ भरली. विमान कंपनी कडता धरत नाही, असे सुचविण्याचा लेखकाने प्रयत्न केला. पण आत्याबाईंनी मापाड्याला चहा मागविलेला होता.

मुंबईचा प्रवास दोघांना निरोप देण्यासाठी निघालेल्या अकरा माणसांसह एका जीपमध्ये झाला आणि त्यात लेखकाच्या मांडीवर एक बॅग होती, एवढेच नोंदविण्याजोगे आहे. विमानतळावर चारपैकी एक बॅग किलोभर जादा निघाली. पिवळ्या तापाच्या लशीचे दाखले (जे घेण्यासाठी जोडपे पुण्यास जाऊन आले होते, कारण हा ताप भारतात नाही पण तो पसरविणारा डास आहे, आणि म्हणून केनियाहून परतणाऱ्याकडे दाखला मागितला जातो) सर्वांत वर नीट ठेवलेले होते. त्यांच्याखाली, कोणी कधी ठेवला ते कळले नाही, ग्रंथ होता. “मामा, पुढच्या वेळी नक्की,” असे म्हणून सूनबाईने तो दोन्ही हातांनी लेखकाला परत केला, वाकून नमस्कार केला, आणि मग एकाएकी त्याच्या खांद्यावर डोके ठेवून रडली, जे तिने सख्ख्या आईजवळही केले नव्हते. साडेसहाशे पृष्ठे हातात असल्याने लेखकाला तिच्या पाठीवरून हात फिरविता आला नाही.

आठवड्याने फोन आला. मोंबासात भारतीय वंशाचे, विशेषतः गुजराती, लोक पिढ्यान्‌पिढ्या असल्यामुळे हळद, मूगडाळ, लोणची, पापड सर्व काही दुकानात मिळते, असे भाच्याने कळविले. आत्याबाईंनी ते शांतपणे ऐकून घेतले. तिकडच्या पापडात पापडखार जास्त असणार, असे त्यांचे मत पडले; नाताळाच्या आधी त्यांच्या मंडळीतील आणखी कोणी तिकडे जाणार असल्याचे त्यांना कळले आहे, आणि लेखकाने त्या वेळी दोन दिवस आधी, व उपाशीपोटी, श्रीरामपुरास यावे असा त्यांचा निरोप आहे.