नोझलपंडित

थ्रीडी प्रिंटर बाळगणाऱ्यांत एक जमात अशी असते, जिला प्रिंटशी फारसं देणंघेणं नसतं. जीव सगळा नोझलमध्ये. नोझल म्हणजे आटे पाडलेला धातूचा चिमुकला तुकडा. टोकाला 0.4 मिलीमीटरचं भोक, त्यातून फिलामेंट, म्हणजे प्लास्टिकची तार, वितळून बाहेर येणार. काम एवढंच. पण हे आमच्या पुण्याच्या नोझलपंडितासमोर बोलू नका.

"पितळ?" चष्मा कपाळावर जातो. "उष्णता झकास वाहतं हो, स्टेनलेसच्या सातपट तरी. पण मऊ! कार्बन फायबरचं फिलामेंट घाला, भोक बघता बघता मोठं होतं. अंधारात चमकणारं फिलामेंटसुद्धा खरवडतं!" मग कडक केलेलं पोलाद: झिजत नाही, पण उष्णता रडतखडत नेतं, तापमान पाच-दहा अंश चढवा. तांबं उष्णता वाहण्यात पितळेच्या तिप्पट भारी, वर निकेलचा मुलामा. "आपली कल्हईच की!" म्हणत स्वारी कसब्यातल्या तांबट आळीत शिरते आणि अर्धा तास परतत नाही. पितळेत थोडं शिसं असतं म्हणून खाण्याच्या भांड्यांना स्टेनलेस, हेही तो बजावतो. प्रिंटच्या थरांमधल्या खाचांत जंतू बसायचे ते बसतातच, पण त्याला सांगणार कोण?

माणकाची कथा तर त्याला तोंडपाठ. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातले अभियंते अँडर्स ओल्सन यांना बोरॉन कार्बाइड भरलेलं फिलामेंट छापायचं होतं. ते नोझल खाऊन टाकी. म्हणून त्यांनी पितळी नोझलच्या टोकाला माणिक बसवलं. आमच्या पंडितानेही ते मागवलं. पण माणिक ठिसूळ, खालच्या बेडवर, जिथे प्रिंट बनतो तिथे, आपटलं तर तडकेल, म्हणून अजून डबीतच आहे. डबी देव्हाऱ्यात.

नोझल बदलण्याचा विधी मात्र पाहण्यासारखा. नोझल ज्यात बसतं तो हीटर ब्लॉक एका पान्याने धरायचा, दुसऱ्याने नोझल आवळायचं, तेही तापलेलं असताना; थंड असताना आवळलं तर आट्यांतून प्लास्टिक झिरपतं. हे समजावताना त्याच्या तर्जनीला बर्नॉल लावलेलं असतं.

मग छापतो काय? बोट. बेंची नावाची, 60 मिलीमीटर लांबीची, प्रिंटर तपासायला सगळे छापतात ती. फडताळावर ओळच आहे: ही पितळेची, ही पोलादाची, ही तांब्याची. सगळ्या प्लास्टिकच्याच, आणि मला तरी सारख्याच दिसतात. वहिनींना विचारलं, तर त्या मिक्सर दाखवतात. त्याचं बटण तुटलंय, पकडीने फिरवावं लागतं. "टंगस्टन कार्बाइडचं नोझल येऊ दे, मग काढतो," असं उत्तर मिळालेलं.

बटण अखेर सोसायटीतल्या अकरावीच्या मुलीने काढून दिलं, साध्या पीएलए प्लास्टिकमध्ये. पंडिताने तिला खोदून विचारलं, नोझल कुठलं?

"प्रिंटरबरोबर आलं तेच, काका."

ते बहुतेकदा पितळेचंच असतं. पीएलए छापायला तेवढं पुरतं.