पाहुण्यांपासून सर्वांत लांब

आपल्याला नातेवाईक नेमके किती, हे नाशिककराला दर बारा वर्षांनी कळतं. ३१ ऑक्टोबर २०२६ ला सिंहस्थाचं ध्वजारोहण, मुख्य पर्वण्या २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात. पण आमच्याकडे फोन केव्हाच सुरू झालेत. ‘सहज आठवण आली’ म्हणून सुरू झालेला फोन ‘तुमच्याकडून रामकुंड चालत किती?’ यावर येऊन संपतो. २०१५ च्या पर्वणीला मी माझ्याच घरातल्या बाथरूमचं दार वाजवलं, तेव्हा आतून विचारणा झाली, “कोण आपण?”

म्हणून या खेपेला मी घरात जाहीर केलं, की पर्वणीच्या काळात आपणच कुणाकडे तरी पाहुणे जायचं. जन्मभर लोकांना काळाराम, सीतागुंफा, तपोवन आणि मिसळ, याच क्रमाने दाखवत आलोय. आता आपल्याला कुणीतरी काहीतरी दाखवावं.

जायचं मात्र लांब. महाबळेश्वरला गेलेल्या माणसाला लोक परत बोलावू शकतात. मी मुलाचा पृथ्वीगोल काढला आणि नाशिकच्या बरोबर विरुद्ध बाजूला बोट टेकवलं. बोट पॅसिफिकमध्ये पडलं, ईस्टर बेटापासून काही शे किलोमीटरवर. हे बेट म्हणजे पॉलिनेशियाच्या त्रिकोणाचा पूर्वेकडचा कोपरा; उरलेले दोन कोपरे हवाई आणि न्यूझीलंड. त्रिकोणाच्या पोटात सामोआ, ताहिती, बोराबोरा. पाहुण्यांपासून याहून लांब जायचं तर पृथ्वीच सोडावी लागेल. शिवाय ऑगस्टमध्ये ताहितीत कोरडा ऋतू. पंचांग आणि हवामान यांचं इतकं एकमत मी लग्नाच्या मुहूर्तातही पाहिलेलं नाही.

कॉलेज रोडवरच्या एका ट्रॅव्हलवाल्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “साहेब, एवढ्या पैशात चारधाम करून वर बाली होईल,” तो म्हणाला. मग आवाज खाली आणून त्याने विचारलं, “घरी काही झालंय का?”

घरी तर सभाच भरली. बोराबोराच्या निळ्याशार पाण्यात खांबांवर उभ्या असलेल्या झोपड्यांचे फोटो मी अभिमानाने दाखवले. काहींच्या जमिनीला काच असते, खाली मासे फिरताना दिसतात. आईने चष्मा लावून फोटो नीट पाहिला. “पाणी चढलं तर कळणार कसं? तिथे दुतोंड्या मारुती आहे का?” गंगेचा पूर मारुतीच्या कमरेवरून मोजणाऱ्या बाईला भरती-ओहोटीचं वेळापत्रक पटवणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं.

मग जेवणाचा मुद्दा आला. लिंबू आणि नारळाच्या दुधातला कच्चा मासा ही ताहितीची खासियत, हे मी बोलून गेलो आणि सभेत शांतता पसरली. घाईघाईने सांगितलं, की तिथे अळकुड्या पिकतात, नारळ तर आहेतच आणि नीरफणस म्हणजे तिथलं रोजचं अन्न. “म्हणजे कोकणच की,” बायको म्हणाली. “मग गुहागरला काय वाईट आहे?”

“त्या नीरफणसासाठी ब्रिटिशांनी जहाज पाठवलं होतं!” मी इतिहासाचा आधार घेतला. १७८८ मध्ये ‘बाउंटी’ जहाज रोपं न्यायला ताहितीला आलं. खलाशी पाच महिन्यांवर राहिले, निघाले, आणि एप्रिल १७८९ मध्ये बंड करून कप्तानालाच होडीत सोडून दिलं. रोपं समुद्रात फेकून पुन्हा ताहितीकडे वळले.

“म्हणजे पाहुणे परत आले,” बायको म्हणाली. यजमानांबद्दल इतकी सहानुभूती मी तिच्या चेहऱ्यावर प्रथमच पाहिली.

सगळ्यांत अवघड प्रश्न घड्याळाचा होता. नाशिकला रविवारी सकाळचे दहा वाजतात तेव्हा ताहितीत शनिवारची संध्याकाळ, साडेसहा. मग आईची एकादशी कुठल्या दिवशी धरायची? त्यात मुलाने भर घातली, की ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी व्यवहार सोपा व्हावा म्हणून सामोआने वाररेषेची बाजू बदलली आणि ३० डिसेंबर २०११ हा शुक्रवारच गाळून टाकला. गुरुवारी झोपलेली माणसं शनिवारी उठली. आता आई हादरणार, असं मला वाटलं. ती म्हणाली, “त्यात काय एवढं? तिथीचा क्षय होतो, तसा वाराचा झाला.” त्या क्षणापासून सामोआची माणसं तिला आपली वाटू लागली आणि बेत एकमताने मंजूर झाला.

मंजूर झाल्याची बातमी संध्याकाळपर्यंत डोंबिवलीला पोहोचली. आत्याचा फोन आला. मी अत्यंत दुःखी स्वरात म्हणालो, “आत्या, पर्वणीला आम्ही नाशकात नसू गं. पार पृथ्वीच्या पलीकडे असू.”

“बरं झालं बाई!” आत्या म्हणाली. “तुम्ही असलात की जरा अवघडल्यासारखं होतं. किल्ली शेजारी ठेवा. आणि निघताना तेवढं विरजण लावून जा.”