बॅचलरना जागा नाही

परदेशी शिक्षणाचे फायदे सांगणारे सेमिनार हल्ली मंगल कार्यालयांत भरतात, आणि ते योग्यच आहे. लग्नासारखंच इथेही वडील कर्ज काढतात, आई डोळे पुसते आणि मुलाला आपण नक्की कशाला हो म्हटलं हे वर्षभराने कळतं. प्रवेश मोफत, चहा मोफत, समुपदेशन मोफत. एवढं सगळं फुकट असल्यावर सेमिनार भरवणाऱ्या कन्सल्टंट गृहस्थांचं पोट कशावर चालतं हे विचारायचं भान कुणाला राहत नाही. मुलगा ज्या विद्यापीठात जाईल, ते विद्यापीठ बहुतेक वेळा त्यांना कमिशन देतं. ‘तुमच्या प्रोफाइलला हीच युनिव्हर्सिटी सूट होते’ हे वाक्य मार्कशीट बघून येतं की टक्केवारी बघून, ते ज्याचं त्याने ठरवावं.

पडद्यावर फायदे सरकत असतात. ग्लोबल एक्स्पोजर. व्यक्तिमत्त्व विकास. नेटवर्किंग. पॅकेज. शेवटचा शब्द आला की मागच्या रांगेत पेंगणारे वडीलही मोबाइल काढून फोटो घेतात.

फायदा होतो यात वादच नाही. फक्त रांगेत आपला मुलगा जरा मागे उभा असतो. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत सुमारे ३ लाख ३१ हजार भारतीय विद्यार्थी होते. चीनला मागे टाकून आपण पहिले आलो, म्हणून आपल्याकडे केवढा हर्ष झाला. त्याच वर्षी सगळ्या परदेशी विद्यार्थ्यांनी मिळून अमेरिकेच्या अर्थव्यवस्थेत सुमारे ४४ अब्ज डॉलर ओतले, असा तिथल्याच एका संघटनेचा हिशेब आहे. म्हणजे पैसे भरणाऱ्यांत सगळ्यात लांब रांग आपली. आपल्याकडे फी वेळेवर भरणाऱ्या पोराचा वर्गात कुणी सत्कार केल्याचं ऐकिवात नाही.

ब्रिटन विमानात बसण्याआधीच दर वर्षाचे ७७६ पौंड आरोग्य अधिभार म्हणून घेतं. आजारी पडायचं की नाही हा तुमचा प्रश्न. ऑस्ट्रेलियाने विद्यार्थी व्हिसाच्या अर्जाची फी जुलै २०२४ मध्ये ७१० डॉलरवरून थेट १,६०० केली आणि पुढच्या जुलैत २,०००. व्हिसा नाकारला तरी पैसे परत नाहीत. याला म्हणतात उच्च शिक्षण.

त्यातल्या त्यात जर्मनी सज्जन. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणीची फी नाही. फक्त वर्षाचे ११,९०४ युरो आधी एका गोठवलेल्या खात्यात टाकायचे. तिथे पोचलात की तुमचेच पैसे तुम्हाला दरमहा ९९२ युरो या बेताने परत मिळतात. मुलाच्या हातात एकरकमी पैसे देऊ नयेत, हे आपल्याकडे आजी सांगायची तेव्हा ती जुन्या विचारांची ठरायची. जर्मन सरकारने कायद्यात घातलं, तर शिस्त.

कॅनडाचं वेगळंच. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा आणली आणि खर्चापोटी दाखवायची रक्कम १० हजार डॉलरवरून २०,६३५ वर नेली. कन्सल्टन्सीच्या फ्लेक्सवरचं मेपलचं पान भराभर उतरलं आणि तिथे बर्लिनचा दरवाजा आला. ‘कॅनडा हेच तुमचं भविष्य’ सांगणारे तेच टाय लावलेले गृहस्थ आता ‘गुटन टाग’ म्हणतात. भविष्य एका रात्रीत हजारो किलोमीटर सरकलं. गृहस्थ खुर्चीतून हललेसुद्धा नाहीत.

मग बँक. साडेसात लाखांच्या वर गेलं की सरकारी बँक साधारणपणे तारण मागते. तारण म्हणजे वडिलांनी वीस वर्षं हप्ते भरून नुकताच मोकळा केलेला फ्लॅट. तो पुन्हा गहाण पडतो. शिक्षण चालू असताना हप्ता नसतो, पण व्याज काही सुट्टीवर जात नाही.

मुलगा स्वतः कुठे आहे? तो एसओपी, म्हणजे प्रवेश अर्जासोबतचं स्वतःविषयीचं निवेदन, लिहितोय. लहानपणापासून मला कॉम्प्युटरची विलक्षण ओढ होती, असं त्यात असतं. (ती ओढ गेम खेळण्याची होती, हे आईला ठाऊक आहे; पण आईला इंग्रजीत कुणी विचारत नाही.) शिवाय तीन प्राध्यापकांची शिफारसपत्रं लागतात. ती मुलानेच लिहायची आणि सरांनी लेटरहेडवर सही करायची, ही आपली परंपरा. ‘असा विद्यार्थी माझ्या पंचवीस वर्षांच्या सेवेत पाहिला नाही’ हे वाक्य त्या विद्यार्थ्याचंच असतं, आणि ते अगदी खरं असतं, कारण तो वर्गात कधी दिसलेलाच नसतो.

जून २०२५ पासून अमेरिकेने आणखी एक गंमत केली. विद्यार्थी व्हिसा हवा असेल तर सोशल मीडियाची खाती सगळ्यांना दिसतील अशी उघडी ठेवा, आम्ही तपासणार. बांद्रा-कुर्ला संकुलातल्या कॉन्सुलेटची तारीख मिळताच घरोघरी साफसफाई सुरू झाली. जगातल्या सगळ्या राष्ट्राध्यक्षांना सल्ला देणाऱ्या तात्यांना भाच्याने गुपचूप अनफ्रेंड केलं. इतकी वर्षं जे कुणाला जमलं नव्हतं ते एका सूचनेने झालं. हा फायदा माहितीपत्रकात नाही. खरे फायदे तिथे नसतातच.

उदाहरणार्थ, पहिल्या सत्रात मुलाला कळतं की दुसऱ्याचं उतरवणं ही चोरी आहे. हा धक्का मोठा असतो. चार वर्षं इंजिनीअरिंगमध्ये सीनियरचं जर्नल उतरवून, त्यावर सरांची सही घेऊन, त्यालाच ‘सबमिशन’ म्हणत आलेला मुलगा. तिथे संगणक सांगतो की तुमच्या निबंधाचा अर्धा भाग आधीच कुणीतरी लिहिलेला आहे. मुलगा म्हणतो, हो, चांगला लिहिलाय म्हणूनच घेतला. पुढची मीटिंग डीनच्या ऑफिसात.

दुसरा धक्का: प्रोफेसरला नावाने हाक मारायची आणि त्याचं चुकलं तर सांगायचं. आपल्याकडे सर चुकत नाहीत; पेपर काढणारा चुकतो. या बाबतीत मला कायम मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे आठवतात. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला गेल्या. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वाहिलेल्या महर्षी कर्व्यांचाही, म्हणजे सख्ख्या सासऱ्यांचा, त्यांना जर्मनीला पाठवायला विरोध होता. सुधारणेलासुद्धा उंबरठा असतो. पती दिनकररावांनी काँग्रेसचे पुढारी जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेतलं आणि बायकोला पाठवलं. तिथे मार्गदर्शक कोण, तर ऑइगन फिशर. वंशशास्त्रातलं बडं प्रस्थ, पुढे नाझींच्या कामी आलेलं. त्यांनी विषय दिला मानवी कवटीच्या असममितीचा. युरोपियनांच्या कवट्यांची डावी-उजवी बाजू इतरांपेक्षा वेगळी भरते, म्हणजे मेंदू सरस, म्हणजे वंश सरस, अशी साहेबांची खात्री होती. मोजून दाखवायला फक्त एक विद्यार्थी हवा होता. पुण्याहून आलेल्या बाईंनी कवट्या मोजल्या. एकेक, मुकाट्याने. आणि वंशावंशांत असा काही फरक सापडत नाही, असं लिहून दिलं. फिशर साहेबांनी मार्क देताना हात आखडला. पीएच.डी. मात्र द्यावी लागली.

परदेशी शिक्षणाचा याहून ठसठशीत फायदा मला तरी माहीत नाही: तिथल्या थोर मास्तरांच्या राज्यात, त्यांच्याच मोजपट्टीने, त्यांनाच चूक ठरवून परत येणं. सेमिनारमध्ये ही स्लाइड लावा म्हणून मी एकदा सुचवलं. ‘पॅकेज किती होतं त्यांचं?’ असं विचारण्यात आलं.

लग्नाच्या बाजारातले फायदे सर्वज्ञात आहेत, त्यावर शाई घालवत नाही. फक्त एवढंच की मराठी आयांना मंगळ आणि नाडीच्या जोडीला आता शिक्षणानंतरच्या कामाच्या परवान्याचे, म्हणजे ओपीटीचे, बारा महिने, स्टेम विषयांचे वाढीव चोवीस आणि एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या वर्षाकाठी ६५ हजार अधिक २० हजार जागा तोंडपाठ आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरची फी जाहीर केली, तेव्हा कोथरूडपासून डोंबिवलीपर्यंत किती पत्रिका जुळायच्या थांबल्या असतील. महिन्याभराने खुलासा आला, की अमेरिकेतच शिकून तिथेच व्हिसा बदलून घेणाऱ्यांना ती लागू नाही. पत्रिका पुन्हा जुळल्या. ग्रह तेच होते.

भांडी घासणं, कपडे धुणं, मेतकूट-भातावर आठवडा काढणं, हे सगळं मुलगा शिकतो. आई त्याचं कौतुक सांगते, मुलीचं सांगत नाही. कचऱ्याचं मात्र सांगायला हवं. जर्मनीत कागद वेगळा, प्लॅस्टिक वेगळं, ओला वेगळा. काचेच्या बाटल्यासुद्धा पांढऱ्या, तपकिरी आणि हिरव्या अशा तीन डब्यांत. पुण्यात दारावर येणाऱ्या कचरावेचक ताई ‘ओला-सुका वेगळा द्या हो’ म्हणून घसा कोरडा करत होत्या, तेव्हा हाच मुलगा दार लोटून घ्यायचा. तिथे फोटो काढून स्टेटसला टाकतो. वर्गवारीचं वळण आपल्याला जन्मापासून असतं. बाटल्यांवर ते पहिल्यांदाच वापरलं जातं, इतकंच.

पण सगळ्यात मोठा फायदा घर शोधताना होतो.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी काका. गेटवरच्या नियमांची पाटी त्यांच्याच अक्षरातली. बॅचलरना जागा नाही. परप्रांतीयांना नाही, हे पाटीवर नाही; ते फोनवर सांगायचं असतं. मांसाहाराचं तर विचारूच नका. बँकेत नोकरीला लागलेला बिहारचा एक सरळ मुलगा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट बघायला आला होता. काकांनी त्याला अत्यंत अदबीने गेटपर्यंत सोडलं.

काकांचा थोरला म्युनिकला गेला. तिथे घरं मिळणं अमेरिकेच्या व्हिसापेक्षा अवघड. एका खोलीसाठी शेकड्याने अर्ज. घरमालकाला पगाराची स्लिप हवी, हमी देणारा हवा, जर्मन येणारा हवा. आपला मुलगा तिन्ही बाबतींत शून्य. वर बॅचलर, वर परका. एके ठिकाणी खोली जवळपास ठरली होती, पण मालकीणबाईंनी स्वयंपाक काय करतोस विचारलं आणि त्याने भोळेपणाने फोडणीचं वर्णन केलं. शेवटी जिथे मिळाली तिथे पहिल्याच आठवड्यात जिरे-मोहरी तडतडली आणि धुराचा अलार्म वाजला. शेजारी जिन्यात जमले. काका हा प्रसंग संतापाने सांगतात: ‘काय माणुसकी आहे की नाही? खाण्यावरून, भाषेवरून कुणी जागा नाकारतं का?’ ऐकणाऱ्या चार सभासदांनी मान हलवली. त्या क्षणी पाटीकडे कुणी बघितलं नाही. सभासद म्हणून आम्ही सगळेच सराईत आहोत.

काकांच्या दिवाणखान्यात बाबासाहेब आंबेडकरांचा फोटो नाही, तरी त्यांची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. १९१३ मध्ये बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंडांवर, ते कोलंबिया विद्यापीठात गेले. न्यूयॉर्कच्या वसतिगृहात त्यांना खोली मिळाली. पुढे लंडन. मग १९१७ मध्ये करारानुसार नोकरीला बडोद्यात आले, कोलंबिया आणि लंडनचं शिक्षण घेऊन. आणि तिथे त्यांना राहायला जागा मिळेना. पारशांच्या एका सराईत पारशी नाव सांगून राहिले. जात कळल्यावर लोक काठ्या घेऊन आले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात त्यांनी हे लिहून ठेवलंय. परदेशात इतकी वर्षं काढल्यावर आपण अस्पृश्य आहोत याचा त्यांना विसर पडला होता. स्टेशनवर उतरल्या उतरल्या पहिला प्रश्न पडला, कुठे जायचं. लंडनमध्ये ते ज्या घरात राहिले ते प्रिमरोझ हिलजवळचं घर २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने विकत घेतलं आणि स्मारक केलं. घर देण्याच्या बाबतीत आपण उशीर करतो, पण सोडत नाही.

आता परदेशात तरी जातीचा विसर पडतो का? फारसा नाही. हवाबंद डब्यातून भाजणी जाते तशी आडनावंही जातात. २०२३ च्या फेब्रुवारीत सिॲटल शहराला जातीवरून भेदभाव करायला बंदी घालावी लागली. अमेरिकेतलं ते पहिलं शहर. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने असंच विधेयक मंजूर केलं, गव्हर्नरांनी नकाराधिकार वापरून ते परत पाठवलं. रूममेट शोधणाऱ्या देशी ग्रुपवर ‘फक्त शाकाहारी’ दिसतं. अलीकडे त्यापुढे हसरा चेहरा टाकायची पद्धत आहे. इरावतीबाईंनी मोजलेल्या कवट्यांचा निकाल या मंडळींपर्यंत अजून पोचलेला नाही.

थोरला मात्र थोडा बिघडलाय म्हणतात. गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर त्याने विचारलं, ‘बाबा, त्या बँकेतल्या मुलाला मग घर कुठे मिळालं?’ काका म्हणाले, जर्मनीत थंडी फार आहे, डोक्यावर परिणाम होतो.

धाकटा पुढच्या फॉल इनटेकला निघालाय. त्याच्या विद्यापीठाला एक स्वतंत्र निबंध हवाय, वेगळ्या लोकांशी जुळवून घेतल्याच्या अनुभवावर. त्याने लिहिलंय की मी लहानपणापासून विविध भाषांच्या आणि संस्कृतींच्या लोकांबरोबर एकाच सोसायटीत वाढलो. वाचताना काकांनाच अवघडल्यासारखं झालं. ते खोडूया का म्हणाले. कन्सल्टंटने हात धरला. ‘ते राहू दे, साहेब. स्कॉलरशिप त्याच्यावरच आहे.’