गाल भरून मिळतील

ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये पुण्याची बातमी छापून आली. इंग्रजी फौजेतला गाडीवान कावसजी टिपूच्या हाती लागला, नाक आणि एक हात गमावून सुटला. पुण्याजवळच्या एका वीट पाडणाऱ्या जातीतल्या माणसाने त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवं नाक बसवलं. आधी मेणाचा साचा करून, मोजून, मगच चीर. दोन इंग्रज डॉक्टरांनी अशी शस्त्रक्रिया होताना डोळ्यांनी पाहिली होती. वीस वर्षांनी लंडनमध्ये कार्प्यू नावाच्या सर्जनने तोच कित्ता गिरवला. चेहरादुरुस्तीत जगाने शिकवणी लावली ती आपल्याकडे. (हे पुणेकराला सांगावं लागत नाही, तो तसंच धरून चालतो.)

आता नाकं शाबूत आहेत, गाल बसलेत. लग्नसराईत नवरीच्या आधी वरमाई फिलर घेऊन येते. खड्डे बुजवण्यावरून महापालिकेला काढायचा चिमटा वाचकांनी आपापला काढावा.

फिलर म्हणजे बहुतेकदा हायलुरोनिक आम्लाचं जेल. हे आम्ल पहिल्यांदा वेगळं काढलं ते १९३४ साली, गुरांच्या डोळ्यातून. गालात ते साधारण सहा महिने ते दीड वर्ष टिकतं, मग शरीर ते पचवून टाकतं. हौसेला मोल नाही, आमची हरकतही नाही. पण सुई रक्तवाहिनीत शिरली तर वरची कातडी मरते, क्वचित डोळाही जातो. त्यावर उतारा म्हणून हायलुरोनिडेज नावाचं इंजेक्शन असतं आणि ते तिथल्या तिथे, मिनिटं न घालवता द्यावं लागतं.

यूट्यूब पाहून किंवा एखादी कार्यशाळा करून सौंदर्योपचार सुरू करू नयेत, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाला २०२२ साली लेखी सांगावं लागलं. लेखी! म्हणजे कुणीतरी करतच असणार.

आंबा देवगडचा की कर्नाटकचा, यावर मार्केट यार्डात अर्धा तास हुज्जत घालणारे आपण. सुई धरणाऱ्याची पदवी विचारायला मात्र संकोचतो, तिथे विचारतो फक्त, "दोन्ही गालांचे मिळून किती?" एकदा हायलुरोनिडेज ठेवलंय का, हेही विचारून बघा. काउंटरवरच्या ताईंनी "ते पॅकेजमध्ये येत नाही" म्हटलं, तर चपला घालायला लागा.