लिंबूमामा

जुन्या घराचं स्वयंपाकघर पाडायला काढलं, की मामा हजर. आमंत्रण लागत नाही. दारात रेतीचा ट्रॅक्टर दिसला की पुरे. तुमच्याही गल्लीत आहेत ते, फक्त तुमच्याकडच्यांच्या खिशात लिंबू नसेल.

मेहकरला दादाचं धाब्याचं घर आहे. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, शहाबादी फरशी, धुराने काळं पडलेलं छत. अशा घरात दादाला हवा होता इटालियन मार्बलचा ओटा. खामगावला दुकानात निघालो, तर मामा आधीच मागच्या सीटवर बसलेले. दुकानदाराने पांढराशुभ्र नमुना पुढे ठेवला. मामांनी सदऱ्यातून लिंबू काढून पिळलं. "पाह्य बाप्पा, आता पाच मिनटं गंमत." चहा येईस्तोवर तेवढ्या जागेची तकाकी उडाली. "हा दगड होय? चुनखडीच्या घरची लाडकी लेक हाय हे! चिंच सांडली का रुसन." मग कोटा, मग कडप्पा, तेही त्याच घराण्यातले, तेही नापास. काळ्या ग्रॅनाइटवर मात्र काहीच झालं नाही. मामा जरा हिरमुसलेच.

क्वार्ट्झपुढे तर लिंबू सपशेल हरलं. मामांनी पोऱ्याला विचारलं, "बाजूच्या हाटेलातून तापलेला तवा आनतं का?" राळेत घट्ट बसवलेली ही भुकटी तापल्या भांड्याने डागते, हे खरंच आहे, पण दुकानदाराने तेव्हा आमच्याकडे नाही, शटरकडे पाहिलं.

प्लायवुडचंही तेच. ७१० नंबरचा प्लाय ७२ तास उकळत्या पाण्यात टिकायला हवा, असं मानक आहे. मामांनी तुकडा घरी नेऊन पातेल्यात उकळत ठेवला. मामींनी संध्याकाळीच गॅस बंद केला. पाण्यात लिंबू होतं, हे काय सांगायचं? मागे लोणारला दैत्यसूदनाच्या देवळात बेसाल्टचे खांब बघताना त्यांचा हात खिशात गेला, तर पहारेकऱ्याला वाटलं, दृष्ट काढताहेत. बरं झालं, त्याने मामांना वेळीच बाहेर काढलं.

आता नाइलाजाने सांगतो. मिस्तरी मातीच्या भिंतीवर थेट टाइल लावायला निघाला होता. "माती सुटन, तं टाइल कोनाले धरन?" म्हणत मामांनीच त्याला आतून विटांची पडदी उचलायला लावली.

ओटा बसायच्या दिवशी दादा, मिस्तरी, मी, शेजारचे दोघं असे सगळे उंचीवर वाद घालत होतो. मामांनी सगळ्यांना गप्प केलं आणि वहिनींना हाक मारली. "उभी राह्य माय इथं. पोया लाटतं तसा हात धर." कोपराखाली चार बोटं सोडून त्यांनी खडूने रेघ मारली. एकतीस इंच.

मिस्तरी म्हणाला, "स्टँडर्ड चौतीस असते."

"मंग स्टँडर्ड बाई आन रांधाले!"

वहिनी हसल्या. लग्न होऊन आल्यापासून त्या घरात त्यांचं माप फक्त ब्लाउजसाठी घेतलं गेलं होतं. दगड कोणता, हे आम्ही पुरुषांनी महिनाभर ठरवलं. कंबर कोणाची, हे त्या विक्षिप्त म्हाताऱ्यालाच सुचलं. दादा आता येणाऱ्याजाणाऱ्याला ग्रॅनाइटचा भाव सांगतो. एकतीसचा आकडा मात्र त्याला अजून पाठ नाही.