इंटरनॅशनल

जानेवारी लागला की आमच्या ऑफिसात दोन माल येतात, नाशिकची द्राक्षं आणि कॉलेजची पोरं. द्राक्षं रिफर कंटेनरमधून येतात, शून्याच्या आसपास गारठलेली, आणि कागद सरळ असले तर दोन दिवसांत जहाजावर चढतात. पोरं १२० तास राहतात. नव्या शैक्षणिक धोरणानं ३० तासांना १ क्रेडिट असा भाव बांधून दिलाय. चार क्रेडिटचं ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ म्हणजे १२० तास. त्यात घासाघीस चालत नाही. मी करून पाहिली आहे.

आमचा धंदा कस्टम क्लिअरिंगचा. २०१८च्या नियमावलीत आमचं नाव ‘कस्टम्स ब्रोकर’ आहे, पण न्हावा शेवाच्या चहाच्या टपरीवर आजही आम्ही जुन्या नावानं ‘सीएचए’च. तर मागच्या सीझनला उलव्याचा एक चिरंजीव उरण लोकलनं आला. शर्टाची इस्त्री इतकी कडक की बसताना वाजला असेल. गळ्यात निळा पट्टा, पट्ट्याच्या टोकाला मात्र काहीच नाही, कारण कार्ड आम्ही देऊ अशी त्याची समजूत. आमच्याकडे कार्डं कस्टम्स देतं, एच कार्ड, जी कार्ड, आणि जी कार्डासाठी परीक्षा लागते. त्यानं लगेच विचारलं, “त्या परीक्षेला किती क्रेडिट, सर?”

मी म्हटलं, बस.

“सर, वेळ कधीपासून धरायची? दारातून आत आल्यापासून की खुर्ची मिळाल्यापासून?”

खुर्ची मिळायला पावणेबारा वाजले. तेवढा पाऊण तास त्यानं वहीत ‘प्रतीक्षा (बंदर व्यवस्थापनातील मूलभूत अनुभव)’ म्हणून लिहिला. वाचून मला राग यायला हवा होता. पण कंटेनरची ट्रेलरं करळ फाट्याला ज्या पद्धतीनं उभी असतात ती पाहता, नोंद चुकीची म्हणता येईना.

त्याच्या फॉर्मवर एक रकाना होता, ‘राष्ट्रीय / आंतरराष्ट्रीय’. त्यानं दुसऱ्यावर खूण केली होती. मी म्हटलं, “बाळा, तू उलव्याहून येतोस. मध्ये पासपोर्ट लागत नाही.” तो तयारीनं आला होता. “काका,” (दुसऱ्या दिवशीच मी सरचा काका झालो होतो) “बॉण्डेड वेअरहाउसमधला माल ड्यूटी भरेपर्यंत देशात आलेला धरत नाहीत ना? मग त्या मालाशेजारी उभा असलेला मी कुठं असतो?” पस्तीस वर्षं या धंद्यात काढली, पण हा प्रश्न एकाही ॲप्रेझरनं मला विचारला नव्हता. मी उत्तर शोधतोय तोवर त्यानं पुढचं पान काढलं, एसईझेड (विशेष आर्थिक क्षेत्र) कायदा २००५, कलम ५३. एसईझेडची जमीन कस्टम्सच्या हिशोबात भारताच्या हद्दीबाहेरची मानली जाते. आणि आमच्या बंदराचा, म्हणजे जेएनपीएचा, एसईझेड ऑफिसापासून रिक्षाच्या अंतरावर.

एक दिवस कागद पोचवायला त्याला तिकडे पाठवला. संध्याकाळी आला तो चेहऱ्यावर तेज घेऊन. वहीत नोंद, ‘परदेशी भूमीवर क्षेत्रभेट, ५ तास.’ खाली बारीक अक्षरात, ‘भोजनासह.’ भोजन म्हणजे आईनं दिलेली मेथीची पोळी.

त्या दिवसापासून आमचे तात्या त्याला ‘इंटरनॅशनल’ म्हणू लागले. तात्या आमच्याकडे फायली, चहा आणि सल्ला तिन्ही बघतात. मूळचे जुन्या शेव्याचे. बंदरासाठी ते गाव उठलं, लोक नवीन शेव्याला आणि हनुमान कोळीवाड्याला गेले, आणि २६ मे १९८९ला बंदर सुरू झालं. तात्यांच्या शेताच्या जागी आता तिघा-चौघांच्या उंचीचे ढिगारे लागलेत, निळे, तांबडे, ढवळे डबे. इंटरनॅशनलनं त्यांना मोठ्या आदरानं विचारलं, “तात्या, तुम्हाला इंटरनॅशनल अनुभव आहे का?”

“मना?” तात्या म्हणाले. “अरं बाला, मी तं इंटरनॅशनल जागंवर भात लावलाय.”

इंटरनॅशनलनं ते लिहून घेतलं. कशाखाली, ते दाखवलं नाही.

त्याच्या आईनं व्हॉट्सॲपवर स्टेटस टाकलं होतं, चिरंजीवांची आंतरराष्ट्रीय इंटर्नशिप सुरू, आशीर्वाद असू द्या. नागपूरच्या मावशीचा फोन आला, कुठं रे? तो म्हणाला, शेवा. फोनवर खरखर होती. मावशीनं पूर्ण खानदानात कळवलं, जिनिव्हा. आठवडाभर त्याला थंडीचे कपडे नेलेस का, असे मेसेज येत होते आणि तो इकडे पंख्याखाली घाम पुसत ‘हो मावशी’ म्हणून उत्तरं देत होता. खोटं बोललास का, असं मी विचारलं. म्हणाला, “काका, मी कपडे नेलेच आहेत. देशाचं नाव मी कुठं घेतलं?” हा पोरगा कस्टम्सच्या कायद्यात फार पुढे जाणार, हे मला तेव्हाच कळलं.

कामात मात्र त्याची नजर कामापेक्षा घड्याळावर. झेरॉक्स काढली की ‘आंतरराष्ट्रीय दस्तऐवजांचे पुनरुत्पादन’. तूतिकोरिनच्या ट्रेलरवाल्याशी भाड्यावरून हिंदीत हुज्जत झाली की ‘आंतरसांस्कृतिक संवाद, दीड तास’. त्यातला सव्वा तास ट्रेलरवाला बोलत होता, ही गोष्ट वेगळी.

द्राक्षाचं शिपिंग बिल मी त्याला एकदाच भरू दिलं. फाइल करण्याआधी आम्ही चेकलिस्ट काढतो. ती मी पट्टी ठेवून ओळीओळीनं वाचतो, कारण एक आकडा हुकला तर मालकाचा आणि माझा दोघांचाही संसार डेमरेजमध्ये जातो. ताज्या द्राक्षांचा कोड ०८०६ १०. यानं टाकला होता ०८०६ २०. म्हणजे सुकवलेली. निफाडच्या बागेतली टपोरी, हिरवीगार थॉमसन, बॉक्सबॉक्सला पॅड लावून निघालेली, आणि यानं कागदावर त्यांचे उभ्या उभ्या बेदाणे केले. मी पट्टी आपटली.

“काका, पण रॉटरडॅमला जायला किती दिवस लागतात?”

“तांबड्या समुद्रातली गडबड सुरू झाल्यापासून बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जातात. लागतात पुष्कळ.”

“मग पोचेपर्यंत होतीलच ना बेदाणे?”

तात्या हसत हसत बाहेर गेले. मला मालकासमोर हसता येत नव्हतं, मालक समोर नसतानाही. कोड दुरुस्त केला. त्यानं वहीत लिहिलं, ‘गुणवत्ता नियंत्रण, २० मिनिटे’.

पण एका रात्रीची गोष्ट सांगतो. आमचा एक रिफर गेट बंद व्हायच्या वेळेआधी पोचायला हवा होता आणि ट्रेलर करळच्या पुढे अडकला. मी निघालो तर हा मागोमाग. रात्री दोनला आम्ही त्या ट्रेलरखाली उभे. डब्याचा जनरेटर घरघरतोय, आजूबाजूला मैलभर फक्त लाल दिवे, खाडीचा वास. ड्रायव्हर नाशिकहून निघालेला, डोळे तांबडे. इंटरनॅशनलनं त्याला विचारलं, कधीपासून गाडीवर आहात? सोळा तास, तो म्हणाला. हा गप्प झाला. मग हळूच मला म्हणाला, “काका, यांचं अर्धं क्रेडिट तर आजच्या एका दिवसात झालं.” डब्यातला थर्मामीटर अर्ध्या डिग्रीवर होता. गाडी हलली तेव्हा त्यानंच पहिली टाळी वाजवली. त्या रात्रीचे तास त्यानं वहीत लिहिलेच नाहीत. विचारलं तर म्हणाला, विसरलो. तो विसरणाऱ्यातला नव्हे.

खरी इंटरनॅशनल इंटर्नशिप आमच्या पंचक्रोशीत शंभर वर्षांहून जुनी आहे. पलीकडे न्हाव्याला ‘रहमान’ ट्रेनिंग शिप म्हणून खलाशांची शाळा, १९१०ची. आता तिथून डेक कॅडेट निघतात. डिप्लोमा एका वर्षाचा, मग १८ महिने बोटीवर, रोजच्या कामाच्या नोंदवहीवर चीफ ऑफिसरची सही, कॅप्टनचा शिक्का, त्याशिवाय पुढं पदवी नाही. माझ्या भाच्याचा पोरगा नुकताच असा परतला होता. मी दोघांची गाठ घालून दिली. इंटरनॅशनलनं मोबाइल काढून आधी हिशोब केला. १८ महिने, ५४० दिवस, रोज ८ तास, ४३२० तास, १४४ क्रेडिट. त्याला दरदरून घाम फुटला.

“दादा, रॉटरडॅम पाहिलंत?”

“पाहिलं ना.”

“कसं आहे?”

“डेकवरून दिव्यांची रांग दिसते. रात्री लागलो, माल उतरवला, सकाळी निघालो. मी गंज खरवडत होतो.”

“आणि सिंगापूर?”

“तिथं रंग लावत होतो.”

इंटरनॅशनलनं माझ्याकडे पाहिलं. त्याचं समाधान काही लपत नव्हतं. रॉटरडॅम त्यानंही पाहिलं नव्हतं आणि गंज खरवडावा लागला नव्हता.

१२० तास बुधवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी भरले. त्यानं मधलंच वाक्य सोडून पेन टोपणात घातलं. मी सही केली, शिक्का मारला. शनिवारी तो पेढे घेऊन आला. त्याची चार क्रेडिटं क्रेडिट बँकेत जमा झाली होती आणि ती सात वर्षं टिकतात. “सात वर्षं फ्री टाइम?” मी म्हटलं, “आमची शिपिंग लाइन सात दिवस देताना चेहरा पाडते. आणि ३० दिवसांत माल सोडवला नाही तर कायद्यानं तो विकायला काढता येतो.”

“काका, तुमचंही काढून आणलंय,” तो म्हणाला आणि घडी घातलेला कागद उलगडला. मी एस. वाय. बी. कॉम. नापास, हे त्याला तात्यांनी सांगितलं असणार. कामाच्या अनुभवाचं क्रेडिट मिळायची सोय नव्या चौकटीत आहे म्हणे. ३५ वर्षं, वर्षाचे ३०० दिवस, दिवसाचे ८ तास. ८४,००० तास. भागिले ३०. २८०० क्रेडिट. पदवीला १२०.

“तेवीस पदव्या, काका. वर चाळीस उरतात.”

तात्या चहाचा ट्रे घेऊन तसेच उभे राहिले. मीही क्षणभर खुर्चीत सरळ बसलो, खोटं का सांगू. मग त्यालाच काही आठवलं. कपाळाला आठी पडली, पेन निघालं. सात वर्षांपूर्वीचं सगळं बाद. त्यानं तेवीसवर काट मारली, बाजूला भागाकार मांडला आणि पेढ्यांचा बॉक्स माझ्याकडे सरकवत म्हणाला,

“चार तरी येतात, काका. घ्या.”