चिंचोक्याचं दान

दहावीच्या बीजगणितात पाचवं प्रकरण संभाव्यतेचं आणि सहावं सांख्यिकीचं. नाणं उडवलं, छापा पडण्याची संभाव्यता एक छेद दोन. पोरं लिहून मोकळी होतात. नाणं मात्र कुणी उडवलेलं नसतं.

म्हणून वर्गात चिंचोके न्यावेत. चिंचोका मधोमध फोडला की एक बाजू पांढरी, सपाट. दुसरी काळपट, फुगीर. पांढरं पडण्याची संभाव्यता किती? ‘एक छेद दोन, सर!’ कशावरून? इथं वर्ग गप्प होतो. मग जोड्या पाडायच्या, शंभर-शंभर दानं टाकायची, आकडे फळ्यावर लिहायचे. जोड्यांचे आकडे सहसा एकमेकींशी जुळत नाहीत, लगेच चोरीचे आरोप सुरू. सगळ्या जोड्यांची बेरीज वाढत गेली की गुणोत्तर हळूहळू एका जागी बसतं. फक्त ती जागा एक छेद दोनच असेल, असं नाही. हे बसणं गणिती याकोब बर्नुलीनं सिद्ध केलं. त्याचा ग्रंथ छापून आला 1713 साली, तो वारल्यावर आठ वर्षांनी. पोरांना तासाभरात उत्तर मिळतं, तरी कुरकुर असतेच.

खरी मजा सोयाबीनच्या रानात. पीक कापणी प्रयोगात चिठ्ठी टाकल्यासारखा गट नंबर निघतो, ठरल्या मापाचा तुकडा कापून, मळून वजन होतं, आणि अशा तुकड्यांवर अख्ख्या महसूल मंडळाची विमा भरपाई अवलंबून असते. ही पद्धत आपल्याकडे रुजवण्यात सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे पुढे होते. तुकडा लहान असला की कडेची झाडं आत ओढली जातात आणि उत्पन्न फुगतं, हे त्यांनी 1940 च्या दशकात दाखवलं. त्यावरून दुसरे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्याशी त्यांचा वादही रंगला.

तो वाद पोरांच्या हाती सुतळीचा चौकोन दिला की पुन्हा पेटतो. सुतळीवरचं झाड आत की बाहेर? आपल्या रानाची शान म्हणून एक जण आत ओढतो. ज्याच्या घरी विमा भरलाय, तो शांतपणे म्हणतो, ‘सर, हे भाईर धरा. शेंगाबी कमीच हायेत त्याला.’